तीन नंबरची तार

येल बेटावर वारा झोपत नाही.
आमची टेलिफोनची तार
दलदलीतून साडेपाच किलोमीटर चालत येते
आणि दाराशी पोचते तेव्हा पार दमलेली.
लेकीचा चेहरा पडद्यावर तुकड्यातुकड्यांनी यायचा,
आधी कपाळ, मग बऱ्याच वेळाने हसू.

गिडियन म्हणाला, दोष त्या नारिंगी तारेचा.
जुन्या काळी घंटी वाजवायला लागे ती;
आता कामधंदा नाही, म्हणून नुसती
हवेतली कुजबुज गोळा करत बसते:
मच्छीमारांचे रेडिओ, बर्गनचं हवामान,
कुणाच्या तरी कुंपणातल्या विजेची टकटक.
रिकामी म्हातारी खिडकीत बसते तशी, म्हणाला,
आणि माझ्याकडे बघून चपापला.

दोन स्क्रू. झाकण निघालं.
आत मेलेला कोळी, सातूचा एक दाणा.
तीन नंबरच्या खाचेतून त्याने तार उपसली,
दातातला काटा काढावा तशी, हलकेच.
आकडा दुप्पट झाला.
रूना हसली, ते हसतानाच दिसलं.

रात्री गोठ्यातली घंटी आठवली.
पत्र्याखाली मीच टांगून घेतलेली,
वादळातही ऐकू यावी म्हणून.
तिचा गळाच निघून आला होता त्या तारेबरोबर.
गुरांच्या डॉक्टरने तीनदा फोन केला म्हणे.
तोवर गाय आपली आपण व्याली,
मी पेंढ्याने वासरू पुसत होते.

तारेचा तुकडा सुईदोऱ्याच्या डब्यात आहे.
गिडियनला सांगितलेलं नाही,
पण वारा पडला की
(पडत नाही तो इथे, तरी)
माझी मान वळते गोठ्याकडे.