दुसरा ळ

पापाची तिकटीकडून गंगावेशीकडे जाताना
डाव्या हाताला मार्तंड छापखाना होता.
आता तिथं मोबाईलची कव्हरं लटकतात.

आत, खिडकीखालच्या खणात
पोस्टरचा लाकडी टाईप उभा असायचा,
चार बोटं उंच, जेमतेम बोटभर रुंद,
एकेक कानामात्रा पोट आत ओढून, श्वास धरून.
डोईवरची रेघ अशी जाड की तिच्यावर माळा घालावा,
आणि पायाशी चौकोनी टाच
कापशीच्या वहाणेला असते तसली.

दस्तगीरचाचा म्हणायचे,
"रुंद टाईप शेटजींचा. लग्नपत्रिकेत लोळायला.
भिंतीवर उभं ऱ्हायचं तर असला पायजे,
अंगानं बारीक, आवाजानं मोठा."

मी तेव्हा शाई घोटायचो. सोळा वर्षांचा.
अक्षरं आधी उलटी वाचायला शिकलो,
सुलट्याला अजून कधीकधी अडखळतो.

त्या साली खासबागेत मोठी जोड ठरली.
गुलाबी कागद, वर लाल शाई, खाली काळी.
निकाली कुस्ती.
आणि पैलवानाचं नाव
काळू तळसंदेकर.

खणात ळ एकच.
दुसरा वाळवीनं खाल्लेला
(तिलाही नावात तो लागतोच म्हणा).

चाचांनी चहा थंड होऊ दिला.
मग शेजारच्या तालमीतून
एक फुटका मुदगल मागवला,
त्याचं डोकं करवतीनं उतरवलं,
आणि दोन रात्री कंदिलाशी बसून
कानशीनं, वस्तऱ्याच्या मोडक्या पात्यानं
कोरली दोन वेटोळी,
एकमेकांना भिडलेली,
कुणीच कुणाला चीत न करणारी.

पोस्टर लागल्यावर पैलवान स्वतः आला.
दारात थांबला तर आत अंधार झाला.
"चाचा, माझं नाव असलं काडीसारखं?
मी काय एवढा बारीक हाय व्हय?"

चाचा चष्मा पुसत राहिले.
"रुंद केलं असतं तर तुझं गाव
कागदाबाहेर पडलं असतं, गड्या.
रस्त्याच्या पल्याड जा. तिथनं बघ."

तो गेला. त्याच्यासाठी एक टांगा थांबला, दोन सायकली.
पल्याड पानाच्या टपरीला टेकून
बराच वेळ बघत राहिला स्वतःकडे.
परत काही आला नाही. नुसता हात वर केला.

कुस्ती सुटली बरोबरीत, पाऊण तासानं.
त्याचं पुढं काय झालं मला माहीत नाही.
चाचा गेले, मशीन शिरोलीच्या भंगारात गेलं,
टाईप गेला किलोवर, जळणाच्या भावानं.

तो ळ तेवढा माझ्या खिशात आला.
डाव्या वेटोळ्यात केसाएवढी भेग आहे.
दिवाळीला मी त्याला शाई लावून
जुन्या कॅलेंडरच्या पाठीवर दाबतो,
आणि भेग पांढरी उमटते,
त्या गुलाबी कागदावर उमटली होती तशीच.

नात विचारते, आबा, हे अक्षर आहे का चष्मा?

मी म्हणतो, लांबून बघ.

ती एकेक पाऊल मागं सरकत
दारापर्यंत जाते.