चोवीस तासांचा कागद

मांडीतल्या शिरेतून तार वर नेली
आणि काळजातल्या भोकावर छत्री उघडली.
टाका नाही, कापणं नाही.
तिसऱ्या दिवशी आम्ही संभाजीनगरहून सेलूला परत.
शोभानं गल्लीत पेढे वाटले.
येणारा जो तो अक्षदाच्या छातीकडं बघायचा
आणि व्रण दिसला नाही की
जरासा हिरमुसायचा.

दीड महिन्यानं दाराची चौकट धरून ती म्हणाली,
पप्पा, आतमधी कुणीतरी पायरी चुकतंय.

मी ट्रॅक्टरचा मेकॅनिक.
गिऱ्हाईक गेटातून आत यायच्या आधी
आवाजावरून सांगतो, मिसिंग आहे,
आणि कितव्या सिलिंडरला ते.
लेकरू रोज माझ्या दंडावर डोकं ठेवून झोपायचं.

आता तिच्या छातीवर पाच चकत्या,
कमरेला डबी,
आणि माझ्या हातात मॅडमनी दिलेला छापील कागद:
किती वाजता, काय करत होती, काय वाटलं.
सांगणारी ती. अक्षर माझं.

साडेअकरा. बस. वाटूर फाट्याजवळ मोठा खड्डा.
मॅडम, तो खड्डा पट्टीवर उमटला असेल,
तो तिचा नाही, रस्त्याचा आहे.

दोन दहा. अर्धी भाकर, वरण. काही नाही.
चार. मैत्रिणी आल्या.
डबीला हात लावायचा एक रुपया. चार रुपये जमले. काही नाही.
पाच चाळीस. जिना. धडधड. मधल्या पायरीवर बसली.
किती वेळ? तर म्हणे, बाराचा पाढा होईस्तोवर.
सात. लाईट गेली.
नऊ. अंघोळ नाही म्हणून खूश,
वेणी घालायची म्हणून आईशी भांडण.

मॅडम म्हणाल्या होत्या,
काळजाला छत्रीची सवय व्हायचीय.
झाली तर झाली. नाही तर गोळ्या.
त्यानंही नाही भागलं तर मग बघू.
मी पण नव्या इंजिनवाल्याला हेच सांगतो,
पहिले पन्नास तास जोर देऊ नको.
ऐकत कुणीच नाही.

दोन वीस. मी तिच्या नाकाशी बोट धरलं.
हे लिहायचं का?
दोन पंचवीस. डबीवरचा हिरवा दिवा मिचकला.
शोभा जागीच होती.
अंधारातून म्हणाली,
गाडी ऐकता तसं नका ऐकू तिला.
मग कसं ऐकू, ते मी विचारलं नाही.

सकाळी कागद माझ्या उशाखाली नव्हता.
शेवटच्या ओळीत पेन्सिल,
वेलांट्या सगळ्या उलट्या दिलेल्या:

सहा पाच. पप्पा घोरत होते.
पायरी चुकली. सात वेळा.
उठवलं नाही. मीच मोजली.
आता भूक.