आग्नेयेचा पाहुणा

राजारामपुरीच्या सातव्या गल्लीतून
माझ्या स्कूटीच्या डिकीत बसून आलास तू,
फुग्याफुग्यांच्या प्लॅस्टिकात गुंडाळलेला.
काळं तोंड, भरघोस मिशा, खाली वाघ,
एका हातात लोखंडी सोटा,
दुसऱ्यात होडीच्या आकाराचं सोनं.
तेराशे सांगितले होते, मी अकराशेला आणला.
धनाच्या देवापायीसुद्धा घासाघीस केली,
राग मानू नकोस, सवय आहे.

दुकानातली बाई म्हणाली,
जमिनीवर ठेवायचा नाही,
बाथरूमच्या भिंतीला टेकवायचा नाही,
तोंड दाराकडे, खाली लाल कापड,
पुढ्यात संत्री.
आणि कोपरा आग्नेयेचा, तोच संपत्तीचा.

आमच्या आग्नेयेला गॅस आहे.
दोन खोल्यांत आणखी किती दिशा असणार?
म्हणून फळीवर, चटणीच्या बरणीशेजारी
तुझी जागा केली.
ब्लाऊजपिसातलं लाल कापड निघालं.
संत्री नव्हती, गुळाचा खडा ठेवला.
तोही पिवळाच.

आत्तींनी चष्मा पुसून पाहिलं.
"म्हसोबा म्हणावा तर वाघ कशाला?
आई म्हणावी तर मिशा!"
तरी कुंकू लावलं त्यांनी. तुला एक, वाघाला एक.
मग हळूच मला,
"तिखट चालतंय का गं ह्याला?"

हे मात्र तीन आठवडे बोलले नाहीत.

उद्यमनगरातल्या आमच्या शेडमध्ये
पंपाच्या बॉडीचा लाकडी पॅटर्न
खिळ्याला टांगलेला आहे दिवाळीपासून.
कागलच्या पार्टीनं फोनवर सांगितलं होतं,
रंगराव, माल तुमचा चांगलाच आहे ओ,
पण तीच बॉडी चीनहून
नगामागं चाळीस रुपयांनी स्वस्त पडते.
चाळीस रुपये.
दोन पोरं कमी केली त्या महिन्यात.
एक आता वडापावच्या गाडीवर असतो,
दिसला की हे रस्ता बदलतात.

आणि मी तुझ्याच मुलखातून
तुला घरी आणलं, कुंकू लावून.
मला हे कळत नव्हतं असं नाही.

एका रात्री पाणी प्यायला उठले
तर स्वयंपाकघरात दिवा.
ह्यांनी तुला खाली काढलेलं.
मला वाटलं, आता फुटतोय.
पण नाही, उलटा करून बघत होते,
जसा कुठलाही जॉब बघतात,
नखानं टकटक करून, कान लावून.
"रेझिन हाय."
मग अंगठा फिरवला
कानामागून खांद्यावर, खांद्यावरून वाघाच्या पोटाखाली.
"सांध्याची रेघ बघ. फेटलिंगच केलं नाही.
आमच्यात हा रिजेक्ट झाला असता."

त्यांनी पिशवीतून बारकी कानस काढली.
पेपर पसरला, मांडी घातली.
तासभर खसखस, खसखस.
काळा भुगा शेअरबाजाराच्या पानावर.
मी चहा ठेवला. किती वाजले होते कुणास ठाऊक.

"कुणी काढला असंल गं हा?"
त्यांनी मध्येच विचारलं.
"दिवसाला दोनशे काढायला लावत असतील.
नगावर पैसे असणार.
मग कोण बसतंय रेघ घासत?"
आणि फुंकर मारून
तुझ्या मिशीत अडकलेला भुगा उडवला.

परत ठेवताना तोंड दाराकडे केलं नाही.
खिडकीकडे केलं,
जिथून आमच्या भट्टीचं धुराडं दिसतं,
थंड.

ऑर्डर अजून आलेली नाही.
शुक्रवारी अंबाबाईला जाते तेव्हा
तुझ्याबद्दल काही बोलत नाही मी,
एकाच खात्यातले तुम्ही, आपापसात बघून घ्या.
फोडणी तडतडली की
मोहरीचा दाणा उडून वाघाच्या पाठीला चिकटतो.
आत्ती रोज गूळ बदलतात,
पण तुझ्याआधी मुंग्या पोचतात.
रांग कशी, अगदी सरळ,
वाघाच्या पोटाखालून खांद्यावर, खांद्यावरून कानामागं,
जिथं ती रेघ होती
बरोबर तिथूनच चढतात.