पेन्सिल सेल

अँप नवा, हुबळीहून आणलेला.
पेटी जुनी, कॅम्पातल्या मेल्विननं
दुबईला जाताना विकलेली.
आत दोन स्पीकर, एकावर एक.

खालची तार मुकी.
छेडली की नुसती बोटांची टकटक,
घरात माणूस असून
कडी न काढल्यासारखी.

केबल बदलली. गिटारवर खापर फोडलं.
ओमचा हिशेब दोनदा मांडला:
आठाला आठ समांतर, चार.
अँपला चारच हवे होते.
बेसचं बटण पिळत गेलो,
तर फक्त तापल्या वार्निशचा वास.

शहापुरात भावकाण्णांनी
गिटारकडे पाहिलंच नाही.
जाळी उतरवली,
भिंतीवरच्या घड्याळातला सेल काढून
वायरीला टेकवला.
वरचा कागद पुढं फुगला.
खालचा मागं सरला.
"बघ की. एक ढकलूलाय, एक ओढूलाय.
हवेनं ऐकायचं कुणाचं?"

कथलाचा धूर, दोन डाग.
मग मी तीच तार छेडली
आणि डब्यातले स्क्रू नाचले,
माझ्या बरगडीत काहीतरी बसलं.

शेजारच्या मागाची खटखट थांबली.
"एनदु?" पलीकडून कुणी विचारलं.
"एनिल्ला," भावकाण्णा म्हणाले,
आणि सेल घड्याळात घातला.

अकरा मिनिटं मागं.
काटे हलवायला हात नेला,
तर म्हणाले, असू दे.