बारदान

मार्केट यार्डासमोर, हळदीच्या वखारीवरच्या खोलीत
मी मूळ क्लास लिहिला. नाव ठेवलं ‘पावती’.
तिच्यात धड अशी एकच मेथड:
वजन घ्या, बारदानाचं एक किलो वजा करा,
उरेल ते परत द्या.

हळद तिची लेक. गूळ तिचाच.
त्यांना वेगळं काही शिकवलं नाही.
हाक मारली की आईच्या तोंडचं उत्तर देत.

मग तासगावचा बेदाणा आला.
त्यालाही दोन ओळींत पावतीच्या पोटी घातला
आणि चहाला गेलो.

बेदाणा येतो पुठ्ठ्याच्या खोक्यात.
पोतं नाही, सुतळी नाही,
तरी खोक्यामागं एकेक किलो कापला जात राहिला
अकरा दिवस.
पडद्यावर एकही लाल ओळ नाही.
मी जे लिहिलंच नव्हतं, ते बिनचूक चालत होतं.

सुकुमार मगदूम तोलारांनी खोकं हातावर तोललं,
पावती बघितली.
‘पोतं कुठं हाय रं ह्यात?’

रात्री पुन्हा माडी चढलो,
उजवा खांदा खाली टाकून, जरा तिरका.
असंच चढतो मी.
बाबांनी याच यार्डात एकतीस वर्षं पोती वाहिली.
मी एकही नाही.

बेदाण्याला त्याची स्वतःची मेथड दिली,
खोक्याचे चारशे ग्रॅम.
आईची तशीच ठेवली, हळदीला लागते.
दिवा मालवला.

सकाळी खाली गुळाची गाडी लागलेली.
उघड्या ढेपा, एकावर एक,
माश्या बसलेल्या.