कारणाचा रकाना

द्वारकेच्या पुलाखाली दिवे लागले की
मी पिशवी उघडते.
निरोधची पाकिटं, एक लाकडी नमुना
आणि वही. वहीवरचा चहाचा डाग माझाच.

नाव, वय, पाकिटं किती, रक्त कधी तपासलं,
हे जुने रकाने.
यंदा ऑफिसनं एक नवा आखलाय:
या लाइनीत का आलीस?
जागा बोटभर.

तुळजा म्हणाली, लिही.
सावकार नाही, दलाल नाही, पळवूनही नाही आणलं कुणी.
पिंपळगावला होते, द्राक्षाच्या शेडमध्ये.
डोक्याला जाळी, हातात मोजे.
मण्यावर पांढरी झाक असते ना, ती पुसली गेली
तर मुकादम आईवरनं शिव्या द्यायचा.
परदेशी जायचा माल.
आधी त्याची तपासणी, मगच कंटेनर हलायचा.
माझी पहिली तपासणी कधी झाली?
तूच नेलंस. एकोणतिसाव्या वर्षी.

काम तीन महिने, पोट बारा महिने.
आणि मुकादमाचे हात. त्यांना मोजे नव्हते.
तिथं ते फुकट होतं,
इथं निदान भाव मी सांगते.
बसेल का गं एवढं बोटभर जागेत?

मी लिहिलं: द्राक्षं.

सर म्हणाले, आक्का, हे काय कारण झालं?
गरिबी, फसवणूक, इतर, यातलं एक निवडा.
मी 'इतर' निवडलं.
माझ्या वहीत आता सगळ्या इतरच आहेत.

गल्लीत ठरलंय:
एकीनं 'बिनाचं नाही' म्हटलं
की पुढच्या दारीही नाहीच.
गिऱ्हाईक शंभर जास्त म्हणतं, दोनशे म्हणतं,
बायकोची शपथ घेतं.
बायकोची!
नूरबी त्याला सांगते, जा, मग तिलाच विचार.

कमळजानं मात्र मोडलं, श्रावणात.
लेकाचा ताप उतरत नव्हता, आणि औषधवाला उधार देईना.
कुणी तिला बोललं नाही.
रात्री तीच माझ्याकडे आली, चपला हातात घेऊन.
सकाळी आम्ही सिव्हिलला.
खिडकीतल्या बाईनं तिचं नाव एवढ्या मोठ्यानं पुकारलं
की केसपेपरच्या रांगेतली माणसं वळून बघायला लागली.
मी पण वळून बघितलं. त्यांच्याकडे.

पहिला रिपोर्ट चांगला.
पण तीन महिन्यांनी परत, म्हणाले.
तेव्हापासून ती भिंतीवरच्या कॅलेंडरवर
टिकलीनं दिवस झाकते.
झाकून झालेत एकाहत्तर.

माझ्या नावापुढं तो रकाना कोरा आहे.
अकरा वर्षं मीही इथंच उभी होते, खांबाच्या अलीकडे.
सरांना सांगितलं, पेन चालत नव्हता.

काल तुळजा पिशवी घेऊन आली.
देठ सुटलेले मणी, स्वस्तात मिळालेले.
कमळजानं एक तोंडात टाकणार
तोच तुळजानं तिचा हात धरला:
अगं, धुऊन खा.
औषध मारलेलं असतं त्यावर.