पाचवं मुखपृष्ठ

शुक्रवारी छापायला जायचंय, प्रकाशकांचा फोन,
काहीतरी फ्रेश करा, समुद्र वगैरे.
कादंबरीत समुद्र नाही.
खाडी आहे, खाडीला थोपवणारा मातीचा बांध,
आणि बांधातली लाकडी झडप :
भरतीला आपोआप मिटणारी, ओहोटीला सुटणारी.
तिचंच नाव पुस्तकाला, उघाडी.

नौपाड्याच्या वाचनालयात टिल्लूबाईंनी
चारही आवृत्त्या टेबलावर मांडल्या,
पत्ते लावावेत तशा.
एकीवर मी हात ठेवला.

अलीकडची पांढरीशुभ्र. मधोमध एक आडवी रेघ.
तिला बक्षीस मिळालंय. रेघ सुंदरच आहे.
बांध कुठलाही असू शकतो, खाडी कुठलीही,
सोनूबाई तर नसली तरी चालेल.

दुसरीवर बाई आहे. कमरेएवढ्या पाण्यात,
लुगडं ओलं, ओठ रंगवलेले.
पुस्तकातली सोनूबाई अडुसष्टची, पुढचे दात गेलेली,
पाण्यात उतरते एकदाच,
झडपेत अडकलेला ओंडका काढायला,
तेही सरकारला शिव्या घालत.
पण तारखांचे शिक्के हिच्यावरच सगळ्यांत जास्त.
ओल्या लुगड्यासाठी नेली असेल, म्हटलं मी.
बाईंनी शेवटची पानं उघडून दाखवली :
तिथपर्यंत कोपरे दुमडलेले.

आणि पहिली, पनवेलच्या कुणा ड्रॉइंगमास्तरांची.
दोनच रंग, तिसऱ्याला पैसे नव्हते.
लाल सूर्य छापताना सरकलाय,
अर्धा आभाळात, अर्धा भातात.
मास्तर हळहळले असतील.
मला मात्र त्या सरकण्यातच दिसतं
की ही जमीन जाणार.

हाताखालची तिसरी.
निळ्या काचांचे टॉवर, क्रेन, कोपऱ्यात फ्लेमिंगो.
कादंबरीत फ्लेमिंगो एकदाही येत नाही.
ही माझी. चोवीस वर्षांची होते,
ऐरोलीत चौदाव्या मजल्यावर भाड्यानं,
खिडकीतून दिसेल तेच पुस्तकात असणार असं धरून चाललेली.
अर्धंच वाचलं होतं.

मग करावे गावात हसुराम केणींकडे.
कांदळवनातून नेलं त्यांनी, गाळात कोपरापर्यंत हात घातला,
लाकूड उरलेलं नाही, दगडातली खाच तेवढी.
मोबाईलवर चारही कव्हरं पाहिली.
माझ्यावर काहीच बोलले नाहीत.
रेघेवर बोट टेकवलं :
"सरल बांध टिकत नाय बाय, पानी फोरतं."
हात धुता धुता म्हणाले,
"उघारी व्हती तवर भात व्हता."
मला ऐकू आलं, उधारी.
दुरुस्त करून घ्यायला मी तोंड उघडलं आणि
समोर पामबीचवरून गाड्या जात होत्या.

परत नौपाड्यात. दुसरी आवृत्ती फळीत उभी करताना
पहिल्यांदाच कणा वाचला :
उधारी.
खिळे जुळवणाऱ्यानं घ च्या जागी ध बसवलेला.
टिल्लूबाई हसल्या, आत्ता दिसलं होय?
एक गृहस्थ हिशेबाचं पुस्तक म्हणून घेऊन गेले होते.
"मग?"
"तीन महिने ठेवलं. दंड भरला.
म्हणाले, हिशेबाचंच आहे."

रात्र. पडद्यावर दोन अक्षरं, हाताएवढी मोठी.
घ च्या डोक्यावरून रेषा सलग जाते.
ध ची डावीकडे तुटलेली,
फटीएवढी जागा, वर एक छोटी गाठ.
बाकी अंग जवळजवळ तेच.
मातीचा रंग घेतला. बांध नाही, बाई नाही, पाखरू नाही.
शिरोरेषेचं टोक माऊसनं धरते,
पुढे ओढते, मिटतं.
मागे घेते, सुटतं.

समुद्र कुठाय, विचारतील.
दीड वाजलाय, खाली वॉचमन गेट लावतोय,
टोक अजून माझ्या हातात आहे.